फुंकणीची नळी, गरुडाचा चाप

आमच्या घरात सात बंदुका होत्या. त्यातली एकही उडत नव्हती, आणि एकही धड एका बंदुकीची नव्हती. एकीची नळी उदगीरची, घोडा लातूरच्या भंगारातला, कुंदा, म्हणजे मागचा लाकडी दस्ता, नांदेडात केलेला. दुसरीचं सगळं लोखंड जागेवर होतं, पण स्क्रू मी लेथवर पाडलेले. लोक अखंड वस्तूंचा संग्रह करतात. माझा संग्रह तुकड्यांचा होता. तुकडे आणायचे, गंज काढायचा, एकमेकांना लागतात का बघायचं आणि नाही लागले तर कानस घेऊन बसायचं. तीस वर्षं सरकारी आयटीआयत फिटरचा निदेशक होतो. मला दुसरं काही येतही नव्हतं.

आता हे सांगताना पूर्वीसारखा हुरूप येत नाही. गुडघे गेले, रॉकेलच्या वासानं खोकला लागतो, आणि कानस धरली की तासाभरात खांदा भरून येतो. पण हा नाद सुटला तो म्हातारपणामुळं नाही. सातव्या बंदुकीमुळं सुटला. तीच हकिकत सांगतो.

ही बंदूक म्हणजे काडतुसाच्या आधीच्या काळातली. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासायची. नळीच्या मागच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानापाशी लहानशी लोखंडी वाटी, वाटीत चिमूटभर बारीक दारू. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली. बोटानं खटका ओढला की घोडा आदळतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी वाटीत पडते आणि कानातून आग आत शिरते. चकमकीची बंदूक. घोडा, स्प्रिंगची कमान आणि ज्या पट्टीवर हे सगळं बसतं ती पट्टी, या सगळ्याला मिळून आम्ही नुसतं 'चाप' म्हणायचो. निजामाच्या राज्यात देशमुखांच्या, जमादारांच्या घरी अशा बंदुका पुष्कळ होत्या. पुढं मालक गेले, कायदे आले. लाकूड चुलीत गेलं, लोखंड भंगारात आलं, आणि भंगारातून माझ्याकडं.

मी लातूरला नोकरीला होतो तेव्हा तिथल्या एका भंगारवाल्याशी माझी चांगली ओळख झाली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांना मी बंदुकीच्या घोड्याचं चित्र काढून दिलं होतं. तसं काही दिसलं की ते जुन्या कुलरच्या मागं एका तेलाच्या डब्यात टाकून ठेवत. एका दुपारी मी गेलो तर त्यांनी डबा न उघडता खिशातूनच एक वस्तू काढली.

"मास्तर, ये लो. इसपे मुर्गी है."

"कोंबडी?"

"मग? पंख हाय, चोच हाय. कोंबडीच की."

गंजानं फुगलेला चाप होता. घोडा जागेवर चिकटलेला. घरी आणून तीन दिवस रॉकेलात ठेवला, मग पितळी ब्रशनं हळूहळू घासला. कोंबडी नव्हती. पंख पसरलेला गरुड होता, आणि त्याच्या खाली यू आणि एस अशी दोन इंग्रजी अक्षरं. जावईबापू पुण्याला असतात. त्यांना फोनवर फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाबा, हा अमेरिकेच्या लष्कराचा आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा. तुमच्याकडं कसा आला?"

कसा आला ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, की भूकंपात पडलेल्या कुठल्याशा गढीतलं लोखंड पोत्यांत भरून आलं होतं, त्यातलं एक पोतं तळाशी राहून गेलं होतं. मी पुष्कळ तर्क केले. हैदराबादचा कुणी व्यापारी, मुंबईच्या बंदरात उतरलेला जुना माल, कुणी भाडोत्री शिपाई. सगळे तर्क माझेच होते. चाप काही बोलत नव्हता.

पण चाप म्हणजे बंदूक नव्हे. तो कपाटात तसाच पडून राहिला. माझी बदली नांदेडला झाली, तिथंच निवृत्त झालो. त्याला लागेल अशी नळी मिळाली नाही.

इथं सुतार सरांबद्दल सांगायला हवं. आयटीआयत आम्ही एकमेकांना नावानं नाही, ट्रेडनं हाक मारायचो. मी फिटर सर, ते सुतार सर. जातीनं सुतार नव्हेत. सुतारकाम शिकवायचे म्हणून. पहिली नेमणूक दोघांचीही किनवटला, क्वार्टरची भिंत एक. ते हिमायतनगरकडच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले, घराण्यात पहिली सरकारी नोकरी त्यांचीच. मोजकं बोलणारा माणूस. माझ्या सगळ्या बंदुकांचे कुंदे त्यांनीच केलेले. कशासाठी करता, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आणि मीही त्यांना, तुम्हाला यात गोडी आहे का, असं कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर तेही नांदेडला राहायला आले. एक दिवस मी गरुडाचा चाप त्यांच्या हातात दिला. त्यांनी अमेरिकेबद्दल काही विचारलं नाही. पट्टीची लांबी अंगठ्यानं मोजली आणि म्हणाले, "याला लागल अशी नळी आमच्या आत्याकडं हाय. पर ती बंदूक न्हाई आता. फुंकणी हाय."

आम्ही गेलो. किनवटच्या पुढं, जंगलातलं गाव. आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, तिच्यावर फडकं झाकलेलं. चहा त्यांनी चुलीवरच ठेवला. फुंकणी मी तेव्हा पाहिली. हात-दीड हात लांब, काळी, जड. वजनामुळं त्या तिचं एक टोक चुलीच्या दगडावर टेकवत आणि दुसऱ्याला तोंड लावत. नळीच्या कानातून हवा निसटू नये म्हणून त्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबून धरत. अंगठा न बघता बरोबर त्या भोकावर जाऊन बसत होता.

"ही कुठून आणली, आत्याबाई?" मी विचारलं.

"आणली न्हाई. बापाच्या खांद्यावरून आली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गावच्या जमीनदाराकडं राबायला होते. जमीनदार घोड्यावर, आणि हे बंदूक खांद्यावर घेऊन मागं पायी. बाजाराला, कचेरीत, सोयरिकीला, कुठंही. पायात काही नाही. तीसेक वर्षं वाहिली. आत दारू भरलेली आहे का रिकामी, हेही त्यांना माहीत नसायचं.

"उडवली का कधी त्यांनी?"

"छ्या! वाहायची तेवढी. उडवाया मालक हाय न." आत्याबाईंनी चुलीत लाकूड सारलं. "आमच्या हातचं पाणी चालत न्हवतं त्यान्ला. बंदूक चालत व्हती."

निजाम गेला तेव्हा शस्त्रांची झडती होणार अशी आवई उठली. मालक हैदराबादला निघाला. जाताना त्यानं यांच्या वडिलांना सांगितलं, लाकूड जाळ आणि नळी आडात टाक. वडिलांनी लाकूड जाळलं. नळी मात्र घरी आणली. बायको ओरडली, तर म्हणाले, "इतकी साल वाहिली. टाकू कशाला?" लोहाराकडून पुढचा तुकडा कापून घेतला, मागचं तोंड बंद करणारी डाट काढली आणि बायकोला फुंकणी करून दिली. ती आईकडून लेकीकडं आली.

चहा झाला. मी नळी हातात घेऊन बघत होतो. मला मागायची लाज वाटत होती, आणि मागितल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी बोललो. आत्याबाईंनी माझ्या हातातून फुंकणी काढून घेतली आणि भिंतीशी उभी केली. "मग म्या कशानं फुंकू?" एवढंच म्हणाल्या.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेलो. बरोबर नवी फुंकणी घेऊन गेलो. हलक्या पाइपाची, तोंडाला पितळेची टोपी लेथवर वळवून बसवलेली. मला स्वतःला ती फार सुबक वाटत होती. आत्याबाईंनी फुंकून बघितलं. जाळ झाला. पण त्यांचा अंगठा पाइपावर पुढं-मागं फिरत राहिला, भोक शोधत.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. मग सुतार सरांकडं बघून म्हणाल्या, "तुला पाहिजेल हाय का रे ही?"

सुतार सर म्हणाले, "सरांना पाहिजे."

"तुला इचारून राहिले म्या."

 मी मधेच म्हणालो, "कुंदा हेच करणार आहेत, आत्याबाई. त्यांच्याच हातची बंदूक होईल."

आत्याबाईंनी नळी माझ्याकडं दिली. "न्या. पर बंदूक झाली की मला दाखवा. लहानपणी म्या मागूनच बघितली. बाप हात लावू देत न्हवता."

मी हो म्हणालो. असं हो म्हणणं किती सोपं असतं.

नांदेडला आल्यावर पहिलं काम पोलीस ठाण्याचं. बाकीच्या सहा बंदुकांची कागदं मी आधीच करून ठेवली होती. या बंदुकीतून गोळी सुटू शकत नाही असा दाखला हवा होता, आणि त्यासाठी नळी कायमची बंद करायला सांगितलं. मी मागच्या बाजूनं लोखंडी डाट ठोकून वेल्डिंग केलं, कानही वेल्डिंगनं बुजवला आणि घासून सपाट केला. त्या दाखल्यासाठी नऊ-दहा खेपा झाल्या. साहेब बदलले की फाइल पुन्हा पहिल्यापासून.

मग कुंदा. सुतार सरांनी लाकूड किनवटहून आणलं होतं. एका जुन्या वसतिगृहाच्या दाराची सागवानी चौकट, नवी इमारत झाली तेव्हा टाकून दिलेली. कुंद्याला शिसवी हवं, असं मी म्हणत होतो. ते म्हणाले, "सागवानच बरं. खांद्याला हलकं." काम सुरू झालं आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी गोळी घेतली की तासभर हात स्थिर राहायचा. त्या तासात ते पटाशी धरायचे. मग थांबायचे, पटाशी पुसून ठेवायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. मधे कोरोना आला. मग आमच्या हिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आठ महिने मी स्वयंपाकघरात होतो. बंदूक पलंगाखाली, धुळीत.

ही अंथरुणावरून म्हणायची, "अहो, घर आहे का भंगाराचं दुकान? मी मेल्यावर लोक बसायला येतील, त्यांना बसवणार कुठं?" तिला हसायला यायचं, मला यायचं नाही.

बंदूक पूर्ण झाली तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती. मी फोटो काढून हैदराबादच्या एका संग्राहकाला पाठवले. त्यांनी लगेच फोन केला. चाप उत्तम आहे, म्हणाले, दुर्मीळ आहे. "बाकी ही खिचडी आहे. नळी गावठी, कापलेली. लाकूड नवं. चाप काढून मला द्या, बाकीचं टाकून द्या." मी नाही म्हणालो. राग आला, पण फार नाही. खिचडी होतीच ती.

त्यानंतरच्या आठवड्यात सुतार सर म्हणाले, "आत्या इचारत होती."

आम्ही सकाळच्या गाडीनं किनवटला निघालो. बंदूक गोधडीत गुंडाळली होती. दाखल्याची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. गाडीत गर्दी होती, गोधडी सरकली असावी आणि कुंद्याचं टोक कुणाला तरी दिसलं असावं. किनवटला उतरलो तर दोन पोलीस उभे. आम्ही दोघं म्हातारे, एकाचा हात थरथरतोय, दुसरा गुडघ्यानं लंगडतोय, आणि मधे गोधडीत बंदूक. लोक थांबून मोबाइल काढायला लागले.

ठाण्यात हवालदारांनी झेरॉक्स उलटीपालटी करून बघितली. "असल कुठं हाय?"

"घरी, नांदेडला."

"मग असल घेऊनच फिराया पाहिजे न काका. मी कसं सोडू? साहेब बाहेर गेलेत. ते आले की बोला."

"ही उडत नाही. बघा, कान बुजवलेला आहे."

"मला कळून राहिलं ते. पण माझ्या कळण्यानं काय होतंय?" तो माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे लाल होते, बहुतेक डबल ड्युटी करून आला होता. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

अकरा वाजता बसलो ते दोन वाजले. साहेब आले नाहीत. गावाकडं जाणारी शेवटची सोयीची जीप तीनची होती. मी म्हणालो, परत जाऊ, पुन्हा कधीतरी येऊ. सुतार सर उठले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणापुढं विनंती करताना पाहिलं नव्हतं. ते हवालदारांच्या टेबलापुढं गेले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या आत्याला दाखवायची हाय ही. नव्वदीला टेकली. बंदूक बाहेर नेता येत न्हाई तर तिला इथं आणू का? इथंच बघल."

हवालदार त्यांच्याकडं बघत राहिले. "आणा," म्हणाले.

सुतार सरांच्या आतेभावाला फोन गेला. साडेतीनच्या सुमाराला रिक्षा ठाण्याच्या आवारात आली. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर नीट करून उतरल्या. पोलीस ठाण्याची पायरी त्या पहिल्यांदा चढत होत्या, असं नंतर त्यांच्या मुलानं सांगितलं. हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

मी गोधडी उघडली. आत्याबाईंनी आधी नळी ओळखली, तिच्यावर हात फिरवला. अंगठा कानापाशी गेला. तिथं भोक नव्हतं, सपाट होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग गरुडावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"दूर देशातल्या राज्याचं चिन्ह, आत्याबाई."

"बापाच्या बंदुकीला हे न्हवतं."

"नाही. हा चाप दुसरीकडचा आहे."

"अन हे लाकूड?"

"म्या केलं," सुतार सर म्हणाले.

त्यांनी कुंद्यावरून तळहात फिरवला, दोनदा. मग बंदूक उचलायला गेल्या. त्यांच्या मुलानं हात पुढं केला तर त्याला बाजूला सारलं. दोन्ही हातांनी उचलून ती उजव्या खांद्यावर घेतली, पाठ वाकवून, मान एका बाजूला करून. अशी मान करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बघूनच आली असणार. तशाच चार पावलं चालल्या.  मग त्यांनी बंदूक खाली घेतली आणि आता खुर्चीवर बसल्या.

"लई जड हाय रे," त्या सुतार सरांना म्हणाल्या. "तीस साल."

मला त्या क्षणी आमचं घर आठवलं. देवणी तालुक्यात आमचं गाव. माझे थोरले आजोबा गावचे पाटील होते आणि त्यांच्याकडंही एक ठासणीची बंदूक होती. लहानपणी मी तिच्या गोष्टी ऐकलेल्या. आजोबा बंदूक घेऊन शिवारात जायचे, लांडगे पळायचे. मला त्या बंदुकीपायीच हा नाद लागला, असं मी लोकांना सांगत आलो होतो. ती बंदूक आजोबा स्वतः खांद्यावर घेऊन चालत असतील, हे शक्य नव्हतं. मागं कुणीतरी असणार. तो कोण, हे साठ वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

"बघून झालं," आत्याबाई म्हणाल्या. "आता माझी फुंकणी मला द्या, मास्तर."

मला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे नळी?"

"हाव. तुमची ती हलकी हाय, पर तोंड पोळतं. अन हात बसत न्हाई."

पाच वर्षं डोळ्यांपुढून गेली. दाखल्याच्या खेपा, सुतार सरांच्या हाताचा सकाळचा एकेक तास. मी म्हणालो, "आत्याबाई, आता ती बंद केलेली आहे. कापावी लागेल. बघतो मी. पुढच्या वेळी आणतो."

"बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

साडेचारला साहेब आले, असल दाखला दोन दिवसांत आणून दाखवायचा असं लिहून घेतलं आणि आम्हाला सोडलं. परतीच्या गाडीत सुतार सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. 

मी नळी दिली नाही. नाही देणार असंही ठरवलं नाही. दाखला रद्द करावा लागेल, हे एक कारण होतं. माझ्या हातानं ती कापवणार नाही, हे दुसरं. खरं कारण एवढंच की माझ्याकडं ती एकच बंदूक होती जिच्यात काहीतरी होतं. तिच्याकडं बघून पाहुणे थांबायचे आणि मी गरुडाची गोष्ट सांगायचो. फुंकणीचीही सांगायचो. ठाण्यातलं मात्र गाळायचो.

चार महिने गेले. सुतार सर येईनासे झाले. मी फोन केला की घरातलं कुणी उचलायचं, झोपलेत म्हणायचं. एकदा मीच गेलो. ते अंगणात वर्तमानपत्र धरून बसले होते, कागद थरथरत होता. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी सांगितलं. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "फिटर सर, मी तुम्हाला सात कुंदे करून दिले. येकदा तरी काही मागितलं का?"

"नाही."

"आताबी मागत न्हाई. आत्यानं मागितलं."

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक उघडली. चाप काढला, नळी लाकडातून सोडवली आणि व्हाइसमध्ये धरली. थोडा वेळ हॅकसॉ चालवायची आणि थोडी विश्रांती, असं चाललं. ही दारात स्टुलावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "मशीनवर कापून आणा ना कुणाकडून?" मी नाही म्हणालो. डाटीचा भाग दोन दिवसांत सुटला. कान तसाच बुजलेला ठेवावा असं मला वाटत होतं, हवा निसटणार नाही. सुतार सरांना फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला. "भोक पाडा," ते म्हणाले. "होतं तिथंच पाडा." पाडलं. कडा घासून गुळगुळीत केल्या. मग ठाण्यात जाऊन अर्ज दिला की सदर वस्तू आता बंदूक राहिलेली नाही. कारकुनानं विचारलं, "मग काय झाली?" मी म्हणालो, "फुंकणी." त्यानं मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला.

आम्ही दोघं पुन्हा गेलो. आत्याबाई आता बहुतेक वेळ बाजेवरच असायच्या. नळी हातात घेऊन त्यांनी एका टोकानं उजेडाकडं बघितलं. "जरा आखूड झाली," म्हणाल्या. डाटीबरोबर दोन बोटं लांबी गेली होती. मी माफी मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, सुनेला चूल पेटवायला सांगितली आणि भिंतीला धरून चुलीपाशी येऊन बसल्या. फुंकायला दम पुरत नव्हता. चार-पाचदा थांबून फुंकलं. जाळ झाल्यावर सुनेनं चहा टाकला. सुतार सरांच्या हातातला कप हिंदकळत होता, मी चहा त्यांच्या बशीत ओतून दिला.

पावसाळ्यानंतर आत्याबाई गेल्या. फुंकणी सुनेकडं आहे. ती वापरते की नाही, मी विचारलं नाही.

कुंदा मी सुतार सरांना द्यायला नेला होता. "मला काय करायचाय?" म्हणाले. तो अजून पलंगाखाली आहे. चाप हैदराबादच्या माणसाला देऊन टाकला. उरलेल्या सहा बंदुका एका कॉलेजच्या इतिहास विभागानं नेल्या. भिंतीवर खिळ्यांची भोकं राहिली, हिनं ती पुट्टीनं बुजवून घेतली. लातूरहून चाचांचा फोन मधूनमधून येतो, "मास्तर, कुछ आया है, देखके जाओ." मी सांगतो, आता राहू द्या. ते म्हणतात, डब्यात ठेवतो.

मागच्या महिन्यात मी देवणीकडं, आमच्या गावी गेलो. आधी चुलतभावाला विचारलं, "आपल्या थोरल्या आबांची बंदूक कोण वाहायचं?" तो म्हणाला, "कोण की. असंल कुणीतरी. तुला काय करायचंय?" दुपारी मी एकटाच बौद्ध वस्तीत गेलो. त्या वाटेनं मी लहानपणापासून कधी गेलो नव्हतो. ऊन बरंच होतं, गुडघा दुखत होता. एका घरापुढं एक वयस्कर गृहस्थ, निवृत्त पोस्टमन, खुर्ची टाकून बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "आमचे चुलत आजोबा व्हते ते. पण तुम्हाला आता कशाला पाहिजे?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. उन्हात तसाच उभा होतो. त्यांनी आतून दुसरी खुर्ची मागवली. "बसा. गुडघ्याचं दुखणं हाय जणू. च्या घेता न?"

मी बसलो. चहा आला, तो प्यालो. त्यांनी त्या चुलत आजोबांचं नाव सांगितलं, दोन मुलं होती म्हणाले, दोन्ही लातूरला गेली, त्यातल्या एकाचा नातू आता शिक्षक आहे. नाव विसरू नये म्हणून मी ते एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. पाचची गाडी होती. ते फाट्यापर्यंत सोडायला आले.